सव्वातीनचा बिघाड

बिघाडाला घड्याळ कळत नाही, असं तृप्ती मगदूमचं ठाम मत होतं. तार तुटली असेल तर ती सकाळी तुटलेली असते आणि दुपारीही. तिच्या संगणकाची जोडणी मात्र गेले आठ दिवस दुपारी सव्वातीनच्या सुमारास मान टाकत होती आणि पाचच्या आत आपली आपण ठणठणीत होत होती. सकाळच्या सत्रात कधी कुरकूर नाही. वेळ इतकी काटेकोर पाळणारा बिघाड तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकताना तिला एक सवय लागली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी तिनं राउटर बंद करून पुन्हा चालू केला, कारण जगात सगळेच आधी तेवढंच करतात. दुसऱ्या दिवशी संगणकाचं नेटवर्क कार्ड काढून साफ केलं. तिसऱ्या दिवशी बिनतारी जोडणी बंद करून सरळ तार लावली. चौथ्या दिवशी तार बदलली. पाचव्या दिवशी फ्रिज, इन्व्हर्टर आणि मिक्सर आळीपाळीनं बंद ठेवून पाहिले. प्रत्येक ओळीपुढे वहीत एकच शेरा पडत गेला: ‘दोष कायम.’

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पुण्याच्या एका समेट केंद्रासाठी तृप्ती घरून काम करायची. मोडकळीला आलेले संसार तिथं बंद दाराआड बोलायला बसत आणि त्या बोलण्याचा लेखी मजकूर तृप्ती करायची. यंत्र तो मजकूर आधीच लिहून काढी, पण हुंदका कुठला, खोकला कुठला आणि वऱ्हाडी माणूस चिडलाय की थट्टा करतोय, हे यंत्राला अजून कळत नव्हतं. ते कळायला सांगलीच्या गावभागातली तृप्ती लागायची. सात वर्षं तिनं हे काम चोख केलं होतं. नवरा भरतेश गुजरातेत सौरप्रकल्पावर, मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात. घरात ती आणि सासूबाई. हे काम म्हणजे तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती आणि ती गमवायची तिची तयारी नव्हती.

गमवायची वेळ मात्र आली होती. दोन वर्षांपूर्वी सरकारनं असल्या गोपनीय कामांसाठी ‘एकश्वास’ नियम आणला. काम करणारा माणूस खोलीत एकटाच असला पाहिजे आणि तो एकटा आहे याची खात्री त्याच्या घरचा राउटर देईल.

यात जादू काही नव्हती. राउटरच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर आणि फर्निचरवर आपटून परत येतात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि पाण्यावरून या लहरी चांगल्याच उलटतात. श्वास घेतला की छाती जेमतेम अर्धा सेंटिमीटर पुढे येते, सोडला की मागे जाते. परतणाऱ्या लहरींत तेवढ्यानंही फरक पडतो. तो फरक मिनिटाला पंधरासोळा वेळा ठरावीक तालात दिसला की राउटर समजतो, इथं एक माणूस श्वास घेतंय. दोन ताल दिसले तर दोन माणसं. प्रत्येकाच्या श्वासाचा ताल वेगळा, चालीसारखाच, त्यामुळे पुरेशा नोंदी असल्या की माणूस कोण हेही सांगता येतं. या राउटरचं नाव कंपनीनं ठेवलं होतं ‘निःशंक’.

खोलीत दुसरा श्वास आहे असं नक्की ठरलं की कामाची जोडणी तुटायची आणि खात्यावर एक नियमभंग चढायचा. तीन भंग झाले की करार संपला. निःशंकची खात्री होत नव्हती तेव्हा तो नुसता चाचपडायचा, जोडणी मंदावायची, लटकायची. म्हणून तर पहिले काही दिवस तृप्तीला हा साधा बिघाड वाटला. आठव्या दिवसापर्यंत तिच्या खात्यावर दोन भंग चढले होते.

हे तिला कळलं नवव्या दिवशी दुपारच्या सत्राआधी, मदतकेंद्रावर फोन केल्यावर. तिथल्या बाईंनी राउटरच्या आतली नोंदवही कशी उघडायची ते सांगितलं. सव्वातीनच्या प्रत्येक नोंदीसमोर कारण लिहिलं होतं: श्वाससंख्या दोन. दोन नोंदी सोडल्या तर बाकी सगळ्यांपुढे ‘खात्री नाही’ असंही होतं.

“मॅडम, तुमच्यासोबत कोणीतरी असतं त्या वेळी,” बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

“घरात मी एकटी असते. सासूबाई तीनला बस्तीत, आमच्या जैन मंदिरात जातात.”

“मग तुम्हाला माहीत नसलेलं कोणीतरी असेल.”

तृप्तीनं फोन ठेवला. तिनं खोलीचे कोपरे, कपाटामागची जागा, टेबलाखालचा अंधार सगळं पाहून घेतलं आणि मग स्वतःवरच चिडली. शिकल्यासवरल्या बाईनं टेबलाखाली वाकून भूत शोधावं, हे काही बरं नव्हतं.

डोकं ताळ्यावर आलं तशी तिची नजर दोरीवर गेली. भाद्रपदाची झड लागली होती, कृष्णेला पाणी चढलं होतं, बाहेर कपडे वाळायचं नाव नव्हतं. सासूबाईंचं सोवळ्याचं पातळ दुपारी या खोलीतच दोरीवर वाळत असायचं आणि ते लवकर वाळावं म्हणून समोर मान हलवणारा टेबलपंखा लावलेला असायचा. ओलं पातळ म्हणजे पाणीच. पंखा इकडून तिकडे फिरला की पातळ फुगायचं आणि ओसरायचं, बऱ्यापैकी तालात. निःशंकला ती कुणाची तरी छाती वाटली तर त्याचा काय दोष?

निःशंकमध्ये दिवसाला एक दहा मिनिटांची चाचणी फुकट मिळायची, म्हणजे भंग न चढता आकडा बघता यायचा. तिनं ती तेव्हाच वापरली. ओलं पातळ, पंखा चालू: आकडा दोन. पंखा बंद: बावीस सेकंदांनी आकडा एक. वाळलेला टॉवेल लावून पंखा चालू: एकच. सुक्या कापडातून लहरी आरपार जातात, त्याची त्यांना दादही नसते. तृप्तीनं वहीत हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि पातळ जिन्यात नेऊन टाकलं.

त्या दुपारी सव्वातीनला ती काम बंद ठेवून नुसती राउटरच्या दिव्याकडे बघत बसली. हिरवा दिवा चाचपडला, पिवळा झाला, तसाच राहिला. पातळ तर जिन्यात होतं. म्हणजे खोट कापडात नव्हती.

तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती थेट सासूबाईंच्या दिशेनं.

बिघाड सुरू झाला तो दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी. त्याच दिवसापासून सासूबाई, म्हणजे अनंतमतीबाई, दुपारी तीनला प्रवचनाला जाऊ लागल्या. चातुर्मासाचं कडक पाळायचं म्हणून त्यांनी घराचा मागचा भाग, स्वतःची खोली, न्हाणी आणि छोटी चूल, सोवळ्यातला करून टाकला होता. तिकडे येऊ नकोस, असं तृप्तीला सांगितलं होतं, आणि तिनंही सुटल्यासारखं हुश्श केलं होतं. आता मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली. पर्वात सासूबाई एकवेळ जेवतात आणि एक भाकरी खातात. मग मागून रोज चार भाकऱ्या थापल्याचा आवाज का येतो? कोठीच्या खोलीला इतकी वर्षं नुसती कडी असायची, तिथं पितळी कुलूप का आलं? तिनं सहज विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, उंदीर झालेत. कुलपाला भिणारे उंदीर सांगलीत तरी नव्हते.

हे सासूबाईंना तोंडावर विचारता आलं असतं. पण दोन वर्षांपासून दोघींत एक गोष्ट न बोलता पडून होती. तिच्या आसपास आलं की दोघी विषय पावसावर नेत.

म्हणून तृप्तीनं यंत्राला विचारलं. निःशंकच्या पानावर एक बटण होतं: ‘अनोळखी श्वासाची ओळख पटवा.’ मदतकेंद्राच्या बाईंनी सांगितलंच होतं की श्वास नात्यातल्या माणसाचा निघाला तर एक भंग माफ होतो. उत्तर यायला एक दिवस लागणार होता. खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. सात वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासण्यात घालवलेल्या तृप्तीनं ती बारीक अक्षरं वाचली नाहीत आणि बटण दाबलं.

दहावा दिवस अनंत चतुर्दशीचा. सासूबाई पांढरं पातळ नेसून तीनला निघाल्या, आज अभिषेक आहे, उशीर होईल, म्हणाल्या. जाताना मागच्या बाजूला कुलूप लावल्याचा आवाज तृप्तीनं कान देऊन ऐकला. तीन वाजून बारा मिनिटांनी तिनं आजची चाचणी सुरू केली.

एक. एक. मग दोन.

खोलीत ती एकटी होती. समोर प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे कोठी. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही कामाची खोली मुळात कोठीचाच अर्धा भाग. मधे प्लायवूड ठोकून तिनंच ती वेगळी केली होती. पण निःशंकची नोंदणी करताना नगरपालिकेनं मंजूर केलेला नकाशा लागतो, म्हणून तिनं जुनाच नकाशा जोडला होता. त्या नकाशात भिंत नव्हती. निःशंकच्या हिशेबी कोठी आणि ही खोली एकच होती, आणि कोठीत ज्वारीच्या पोत्यांखेरीज कोणी नसल्यामुळे आजवर काही बिघडलं नव्हतं.

ती उठली आणि प्लायवूडवर टकटक केलं.

“कोण आहे तिकडे?”

बावीस सेकंदांनी पडद्यावरचा आकडा एक झाला.

तृप्ती खुर्चीत बसली. पोत्यामागचं मांजर दार वाजवल्यावर श्वास धरत नाही. ऐकणारं, घाबरलेलं, लपलेलं माणूसच श्वास धरतं. ती घड्याळाकडे बघत राहिली. पाऊण मिनिट झालं, एक मिनिट झालं. दीड मिनिट झालं तरी आकडा एकच. कुठल्याही साध्या माणसाची छाती एव्हाना फुटली असती. पावणेदोन मिनिटांनी आकडा पुन्हा दोन झाला, आणि तोवर तृप्तीला उत्तर मिळालं होतं.

इतका वेळ श्वास धरणारं एकच माणूस तिच्या ओळखीचं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिची नणंद पंधरा वर्षांची होती. घाटावरून कृष्णेत सूर मारायची, तळाची माती मुठीत घेऊन वर यायची, आणि काठावर उभ्या असलेल्या नव्या वहिनीचा जीव तोवर टांगणीला लागायचा.

“चंदना,” तृप्ती भिंतीला तोंड लावून म्हणाली. “मी आहे. एकटीच आहे.”

मग पोतं सरकल्यासारखा आवाज झाला आणि अगदी जवळून, भिंतीच्या फळीतूनच आल्यासारखा आवाज आला.

“आईला सांगू नकोस तुला कळलं म्हणून. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीय तिनं.”

तृप्तीला ते फार लागलं, आणि लागायला हवंच होतं. दोन वर्षांपूर्वी चंदना अशीच जयसिंगपूरहून निघून आली होती. नवरा कुलभूषण मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. त्यानं घरात निःशंक बसवला होता, एवढंच. गोपनीय कामाला नव्हे, बायकोसाठी. कचेरीत बसून तो फोनवर बघायचा, ती झोपली का, उठली का, शेजारीण येऊन बसली का. रडताना श्वास तुटक होतो, तेही त्याला कळायचं. पाच मिनिटांत फोन यायचा, का रडतेस म्हणून. चंदनानं हे सांगितलं तेव्हा तृप्तीला ते काळजीसारखं वाटलं होतं. आपला नवरा तीन-तीन दिवस फोन करत नाही, हिचा इतकी चौकशी करतो, असंही मनात आलं होतं. तिनं चंदनाची समजूत काढली आणि स्वतः कुलभूषणला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, गोड बोलला, घेऊन गेला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि त्यानंतरही नाहीत.

चंदना फळीआडून जेवढ्यास तेवढं सांगत गेली. वकील गाठलाय. सोमवारी अर्ज दाखल होईल आणि कोर्ट संरक्षण देईल. तोवर पत्ता कळता कामा नये, कारण त्यानं पोलिसांत बायको हरवल्याची तक्रार दिलीय आणि मनोरुग्ण असल्याचा कुठल्याशा डॉक्टरचा कागदही जोडलाय. सापडली तर ताबा त्याच्याकडेच जाईल. एरवी ती आईच्या खोलीत असते, पण आई बाहेर गेली की कोणी आलंगेलं तर नको म्हणून कोठीत, आधी थोडा वेळ ज्वारीच्या पोत्यांआड, मग फळीला टेकून.

“सोमवारपर्यंत म्हणजे तीनच दिवस,” तृप्ती म्हणाली. “मी आहे की.”

आणि त्याच क्षणी संगणकावर टिंग वाजलं.

‘ओळख पटली आहे. सदर व्यक्ती अन्य घरखात्याची सदस्य आहे. गोपनीयतेमुळे नाव कळवता येत नाही. नियमानुसार त्या घरखात्याच्या प्रमुखांना स्थळ कळवण्यात आले आहे.’

तृप्तीनं ते दोनदा वाचलं. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या घरखात्यातून निघून सासरच्या खात्यात जातं, रेशनकार्डावरून जायचं तसंच. चंदनाचं नाव काढायचा फॉर्म तृप्तीनंच भरला होता, लग्नानंतर आठ दिवसांत, आणि त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलंही नव्हतं. आता त्या खात्याचा प्रमुख कुलभूषण होता. ज्याच्यापासून लपायचं त्यालाच पत्ता गेला होता, आणि तो पाठवला होता तिच्या बोटानं. दुसऱ्यांदा.

पण चंदनाला सांगणं भाग होतं. तिनं सांगितलं, काही न लपवता. मग चंदना म्हणाली, “अर्ध्या तासात येतील ते.”

तृप्तीनं सासूबाईंना फोन लावला. बस्तीत सगळ्यांचेच फोन बंद असतात. कुलूप फोडावं का? फुटलेलं कुलूपच सगळं सांगून मोकळं होईल. आणि बाहेर काढून तरी न्यायचं कुठं, गाडी त्याच रस्त्यानं येणार. राउटर बंद केला तर त्याची शंका पक्की होईल आणि तो पोलिसांनाच घेऊन येईल. त्याला नुसतं घालवून भागणार नव्हतं. त्याची खात्री पटायला हवी होती की यंत्र खोटं बोलतंय, आणि यंत्र तर खरं बोलत होतं.

तिची नजर टेबलावरच्या वहीवर पडली. दहा दिवसांच्या नोंदी. दोष कायम, दोष कायम, दोष कायम.

तिनं जिन्यातून पातळ आणलं. कालपासून तिथं वाऱ्याला होतं ते, खडखडीत वाळलं होतं, आणि तसंच हवं होतं; ओलं असतं तर आकडा आणखी एकानं वाढला असता. ते दोरीवर टाकून पंखा लावला, मग फळीशी वाकून चंदनाला चार वाक्यांत सांगितलं. बेल वाजली तेव्हा चारला सहा मिनिटं कमी होती.

कुलभूषण एकटाच आला होता. इस्त्रीचा शर्ट, भिजलेल्या चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या. चतुर्दशीचं म्हणून त्यानं नारळही आणला होता.

“वहिनी, घाबरू नका. तिच्या काळजीनं आलोय,” तो म्हणाला आणि फोन पुढे केला. त्यावर मगदूमांच्या घराचा पत्ता होता.

“आमच्याकडे? अहो दाजी, हे यंत्र दहा दिवस मला छळतंय. आत या, दाखवते.”

तिनं त्याला सगळं घर दाखवलं, मागचा भागही. सासूबाईंच्या खोलीत पलंगावर चटई गुंडाळून ठेवली होती, चूल सारवलेली होती. कोठीचं कुलूप त्यानं दोन बोटांनी हलवून पाहिलं. बाहेरून लावलेलं कुलूप बघून त्याचा चेहरा जरा सैल पडला, पण तो गेला नाही.

“आकडा बघू,” तो म्हणाला. त्याच्या घरी निःशंक होताच, त्याला शिकवायची गरज नव्हती.

आजची चाचणी संपली होती. आकडा बघायचा तर कामाची जोडणी उघडावी लागणार होती, आणि खोलीत दाजी असताना ती उघडली की तिसरा भंग चढणार हे ठरलेलं. तृप्ती खुर्चीत बसली आणि परवलीचा शब्द टाकला.

जोडणी तुटली, पण मोजणी चालूच राहिली. आकडा आला: तीन.

“तुम्ही एक, मी दोन,” कुलभूषण सावकाश म्हणाला. “तिसरं कोण?”

तिनं वही त्याच्यासमोर टाकली, दोन रेघा ओढलेलं पान उघडून. ओलं पातळ, फिरता पंखा, आकडा एकनं जास्त. त्यानं वाचलं. मग तो उठून दोरीकडे गेला आणि पातळाला हात लावायला पुढे झाला.

हात लागला असता तर संपलंच होतं.

“दाजी, सोवळ्याचं आहे. आईंचं. आज चतुर्दशी.”

त्याचा हात हवेत थांबला आणि मागे आला. बायकोचे श्वास मोजणारा माणूस सासूचं सोवळं मोडायला धजला नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते.

“बघा, मी पंखा बंद करते,” तृप्ती फळीपलीकडे जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि बटण दाबलं.

पातळ ओसरलं. दोघं पडद्याकडे बघू लागली. दहा सेकंद. वीस. आकडा दोन झाला.

“बघितलंत?”

“राहू दे बंद,” कुलभूषण म्हणाला. “बघू दे जरा.” त्यानं खुर्ची ओढली आणि घड्याळाकडे पाहत बसला. त्याला बायकोचं पोहणं माहीत होतं की नव्हतं, ते तृप्तीला त्या वेळी आठवेना. पाऊण मिनिट गेलं. पावसाचा आवाज तेवढा येत होता. एक मिनिट. फळीपलीकडे एक कणही हलला नाही. सव्वा मिनिट. तृप्तीला घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या, खालचं हिरवं पाणी आणि त्यावर न उमटणारं डोकं. ये वर, ये वर, असं ती तेव्हा मनात म्हणायची. आताही म्हणू लागली. दीड मिनिट.

पडद्यावर आकडा बदलला.

एक.

तृप्ती हबकली. कुठं चुकलं ते तिला क्षणभर कळेना. आणि मग कळलं. चंदनाबरोबर तिनंही श्वास धरला होता, केव्हापासून ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. यंत्रानं अगदी बरोबर मोजलं होतं. त्या खोलीत, नकाशातल्या त्या मोठ्या खोलीत, आता श्वास घेत होता तो एकटा कुलभूषण.

त्यानं आकड्याकडे पाहिलं, समोर बसलेल्या तृप्तीकडे पाहिलं, स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

“आपण दोघं इथं धडधडीत बसलोय,” तो म्हणाला, “आणि हे म्हणतंय एक.”

“तेच तर सांगतेय दहा दिवस,” तृप्ती म्हणाली. आवाज फुटायला आधी श्वास घ्यावा लागला तिला. तिनं हात लांब करून पंखा चालू केला.

कुलभूषणनं फोन खिशात टाकला. यंत्र तिच्या घरी चुकतं, तर आपल्या घरी किती वेळा चुकलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला असावा, आणि तो त्याला आवडला नसावा. मग त्यानं कंपनीच्या नावानं एक शिवी घातली, नारळ टेबलावर ठेवला, आईंना नमस्कार सांगा म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आल्यावरच तृप्ती भिंतीपाशी गेली.

“गेले. घे श्वास.”

“घेतला मघाच,” पलीकडून चंदना म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. “किती झाला?”

“दोन मिनिटं.”

“सवय गेलीय,” चंदना म्हणाली आणि तिला रडू फुटलं. या वेळी ते कुणाच्या फोनवर उमटलं नाही. तृप्तीनं राउटरची तारच ओढून काढली होती. ती काढण्याआधी पडद्यावर आलेली ओळ तिनं वाचली होती: तिसरा नियमभंग, करार समाप्त. वाईट तर वाटलंच. सात वर्षं काही थोडी नव्हती. ती फळीला पाठ लावून बसली, पलीकडून चंदनाही तशीच बसली असावी, आणि दोघी साडेपाचपर्यंत तशाच राहिल्या.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना दारातून टेबलावरचा नारळ दिसला. त्यांनी तृप्तीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली पूजेची थाळी खाली ठेवली.

“दाजी येऊन गेले, आई,” तृप्ती म्हणाली. “काही न कळता गेले. माझ्यामुळेच आले होते, आणि मागच्या वेळीही माझ्यामुळेच. आता कुलूप काढा. दिवस मावळायच्या आत तिला जेवू दे.”

अनंतमतीबाईंनी कमरेची किल्ली काढली. कोठीकडे जाता जाता त्या थबकल्या, मागे वळल्या आणि किल्ली तृप्तीच्या हातात दिली.

जेवणं चालू असतानाच मदतकेंद्राच्या बाईंचा फोन आला, तसाच गोड आवाज. तक्रार दहा दिवस उघडी आहे मॅडम, दोष दूर झाला असेल तर बंद करू का? तृप्तीनं मागच्या पडवीत एका ताटाशी बसलेल्या मायलेकींकडे पाहिलं. मग वही ओढली, आजची तारीख घातली आणि “नको, सोमवारनंतर बघू,” असं फोनवर सांगता सांगताच लिहिलं:

दोष कायम.